एलिशाच्या काळजातली चरबी

ट्रक थांबला तेव्हा एलिझाबेथबाईंना वाटलं, चाक पंक्चर झालं असेल. चारी बाजूंना पिवळी माती, मध्ये पत्र्याच्या छपरांची पाचपंचवीस घरं आणि एक पाण्याची टाकी. ड्रायव्हर खाली उतरून सामान काढायला लागला, तेव्हा त्यांनी लेकीला, गेउलाला, विचारलं, "काय गो, हा गाव की गावाची जागा?"

ते इस्राएलच्या वाळवंटातलं येरुहाम होतं. १९६० साल. ठाण्याहून निघालेलं वाकरुळकर हे मराठी ज्यू कुटुंब तिथं उतरलं: आई एलिझाबेथ, पंचवीस वर्षांची गेउला आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा एलिशा. वडील बारूख ठाण्यालाच वारले होते, गेउला सतरा वर्षांची असताना. तेव्हापासून घराचा भार तिच्यावर होता. मुंबईच्या एका इस्पितळात ती एक्स-रे काढायला शिकली. दोनदा स्थळ सांगून आलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, आधी एलिशाची मॅट्रिक होऊ दे. एलिशाची मॅट्रिक झाली, पण तिसरं स्थळ काही आलं नाही. त्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही. एलिशा होता ना.

एलिशा होताच तसा. शिडशिडीत, हसरा. बस सुटली की तिच्यामागं पळत जाऊन दांडा पकडणारा. येरुहामच्या कारखान्यात तो लागला आणि दोन वर्षांत पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातल्या रिनाशी त्याचं लग्न झालं. त्रेसष्ट साली ओस्नात झाली, सदुसष्ट साली मिरियाम. गेउला सुरुवातीला त्याच कारखान्यात पॅकिंग करत होती, पण ती संध्याकाळी हिब्रूच्या वर्गाला जायची. पासष्ट साली बेर्शेबाच्या इस्पितळात एक्स-रे विभागात तिला नोकरी मिळाली. पहाटेची बस, पाऊण तासाचं वाळवंट आणि मग दिवसभर एकच वाक्य: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. हिब्रूत ती वाक्यं तिनं सगळ्यात आधी पाठ केली. वाळवंटातल्या बेदुइन अरब बायका यायच्या, रुमानियन म्हातारे यायचे, मोरोक्कोहून आलेली पोरं यायची. फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली की सगळ्यांच्या बरगड्या सारख्याच.

सत्तर सालच्या हिवाळ्यात एलिशा शनिवारी मशिदीतून घरी येताना चढावर दोनदा थांबला. त्यांच्यासारखे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्या प्रार्थनाघराला जुन्या सवयीनं मशीदच म्हणत. घरी आल्यावर तो हसत म्हणाला, "वय झालं, ताई." तो एकतीस वर्षांचा होता. गेउलाचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. मोज्याची कड सुजलेल्या घोट्यावर खोल रुतली होती.

सोमवारी ती त्याला आपल्याबरोबर बेर्शेबाला घेऊन गेली. फिल्म तिनंच काढली. उघड्या छातीनं, हनुवटी पट्टीवर टेकवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "गार लागतंय गो."

"श्वास घे," ती म्हणाली. "धरून ठेव."

फिल्म धुतली, ओलीच दिव्यासमोर धरली. हृदयाची सावली दोन्ही बाजूंना पसरली होती. अर्ध्याहून जास्त छाती तिनंच व्यापली होती. असल्या फिल्मा गेउलानं पाच वर्षांत पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या बहुतेक सत्तरीतल्या माणसांच्या असत. तिनं फिल्म वाळत घातली, हात पुसले आणि बाहेर येऊन भावाला सांगितलं, "शर्ट घाल. डॉक्टरांना भेटून जाऊ."

हृदयाचे डॉक्टर यित्झाक लाव्ही उंच, वाकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ एलिशाच्या छातीला नळी लावून ऐकलं. मग गेउलाला एकटीला आत बोलावलं. हिब्रूत 'तुम्ही' नाही, सगळ्यांना 'तू'च. तरी डॉक्टर लाव्हींच्या 'तू'मध्ये एक अदब असायची.

"हृदयाचा स्नायू थकला आहे," ते म्हणाले.

"कशानं?"

"ते मला माहीत नाही. फिल्म आकार सांगते, कारण सांगत नाही. ते तू माझ्याहून जास्त जाणतेस."

एलिशा त्यानंतर चौदा महिने जगला. गोळ्या घेतल्या, मीठ सोडलं, कारखान्यात बसून करायचं काम मागून घेतलं. शेवटच्या महिन्यात तो बसमागं धावायची गोष्ट मुलींना सांगायचा, तीसुद्धा दोन वाक्यांत; तिसऱ्याला दम पुरत नसे. एकाहत्तरच्या मार्चमध्ये, सकाळी साडेदहाला, इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर तो गेला. गेउला तेव्हा खाली एका बाईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढत होती.

ती वर पोचली तेव्हा डॉक्टर लाव्ही दाराबाहेर उभे होते. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं.

"हे विचारायची ही वेळ नाही," ते म्हणाले. "पण नंतर विचारून उपयोग नाही. मला त्याचं हृदय बघायचं आहे."

त्या वर्षांत शवविच्छेदनावरून देशभर वाद पेटलेला होता. भिंतींवर काळ्या अक्षरांत पत्रकं लागत, मोर्चे निघत. मेलेल्याचं शरीर अखंड मातीत जावं, हे गेउलाला लहानपणापासून माहीत होतं. ती म्हणाली, "नको."

"दोन मुली आहेत," डॉक्टर म्हणाले.

बाकड्यावर एलिझाबेथबाई रिनाला धरून बसल्या होत्या. गेउलानं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या उभ्या राहिल्या. "माझ्या पोराला चिरायचं नाय," त्या म्हणाल्या. "ऐकतंस ना? देवानं जसा दिलान तसा परत जायला पायजे. तू त्या मशिनींमध्ये बसून बसून यड्यासारखी झालंस."

गेउलानं आईशी वाद घातला नाही. तिनं रिनाला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. रिना अठ्ठावीस वर्षांची होती, रडून तिचे डोळे सुजले होते. गेउला म्हणाली, "रिना, एलिशाला काय झालं होतं ते कुणालाच माहीत नाही. उद्या ओस्नात चढावर थांबली, तर मी डॉक्टरांना काय सांगू?"

रिनानं सही केली. मराठीत केली, कारण हिब्रूत सही करायची तिला अजून सवय नव्हती.

शोकाचे सात दिवस एलिझाबेथबाई जमिनीवर बसून राहिल्या. माणसं येत होती, जात होती. गेउलानं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. आठव्या दिवशी त्या उठल्या आणि मिरियामला म्हणाल्या, "तुझ्या आत्येला सांग, भात झालाय." मिरियाम चार वर्षांची होती. तिला तो खेळ वाटला; ती धावत आली आणि म्हणाली, "आत्या, भात झालाय." तिथून पुढं सहा वर्षं एलिझाबेथबाई लेकीशी अशाच, कुणाच्या तरी तोंडून बोलल्या.

तीन आठवड्यांनी डॉक्टर लाव्हींनी गेउलाला तळघरातल्या प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडलेला होता. "बघ," ते म्हणाले. आणि मग, जरा थांबून, "तुला बघायचं असेल तर."

तिनं डोळा लावला. स्नायूचे फिकट धागे एकाशेजारी एक होते, आणि त्यांच्या आत लाल थेंब. एकदोन नव्हे, धाग्याधाग्यांत खच्चून भरलेले, जणू कुणी मसुराची डाळ ओतली होती.

"हे काय?"

"चरबी. लाल रंग आम्ही दिला, ती दिसावी म्हणून."

"पण तो तर काडीसारखा होता," गेउला म्हणाली. "तूप खायचा नाही की लोणी."

"ही खाण्यातून वाढणारी चरबी नव्हे." डॉक्टर स्टुलावर बसले. "हृदय चालतं ते मुख्यतः चरबी जाळून. तुझ्या भावाच्या हृदयाला ती जाळता येत नव्हती. येत राहिली, साठत राहिली. जन्मापासून असावं हे."

गेउलाला स्टोव्ह आठवला. रॉकेल वर चढतंय, पण पेटत नाही, नुसतंच तुंबतंय. पुढं रिनाला तिनं असंच समजावलं, आणि रिनाला ते लगेच कळलं.

"मुलींमध्ये आहे का हे?" तिनं विचारलं.

"असेल. नसेलही."

"कसं कळेल?"

"आज? हृदयाचा तुकडा काढून. आठ वर्षांच्या मुलीचा मी काढणार नाही, चार वर्षांच्या तर नाहीच. फिल्ममध्ये दिसेल, पण ते हृदय मोठं झाल्यावर. म्हणजे उशिरा."

"म्हणजे जिवंत माणसात दिसत नाही."

"दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

गेउला वर आली. दारात रांग लागली होती. एका म्हाताऱ्याला तिनं श्वास धरायला सांगितला आणि सोडायला सांगायचंच विसरली. तो बिचारा लाल होईपर्यंत उभा राहिला.

त्र्याहत्तरचं युद्ध झालं, इस्पितळाच्या आवारात हेलिकॉप्टरं उतरली, गेउला तीन आठवडे घरी गेली नाही. त्यानंतर तिनं बेर्शेबात दोन खोल्यांचं घर घेतलं. रिना मुलींना आणि सासूला घेऊन येरुहामलाच राहिली. दर शुक्रवारी दुपारी गेउला बसनं तिकडं जायची. शनिवारचा शब्बाथ पाळून रविवारी पहाटे परत. मुली तिच्याभोवती नाचायच्या. ती त्यांना जवळ घ्यायची आणि नकळत त्यांचे घोटे बघायची.

शहात्तर साली इस्पितळात नवं यंत्र आलं. किरण नाहीत, सुई नाही. छातीवर चिकट मलम लावून त्यावर एक दांडी टेकवायची, ती आवाज आत पाठवते, आवाज आपटून परत येतो, आणि कागदाच्या लांब पट्टीवर रेघा उमटतात. आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज. ते चालवायला कुणीतरी शिकून यायला हवं होतं. डॉक्टरांनी तरुण मुलांची नावं काढली. गेउला त्यांच्या खोलीत गेली.

"त्या यंत्रात हृदयाची भिंत दिसते?"

"दिसते. जाडी मोजता येते. आकुंचन पावताना बघता येतं."

"जिवंत माणसात."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि यादीवर तिचं नाव लिहिलं.

तेल अवीवच्या त्या वर्गात ती एक्केचाळीस वर्षांची, बाकी सगळी पंचविशीतली. पहिले दोन महिने तिला त्या रेघांतून काहीच कळेना. मग एक दिवस कळायला लागलं. दोन ओळी म्हणजे दोन भिंती. मधली मोकळी जागा म्हणजे रक्त. भिंती जवळ येतात, लांब जातात. ही उंच टेकडी म्हणजे झडप उघडली. दांडी बोटभर तिरकी झाली तर सगळं बिघडतं. गेउलाच्या हातात पंधरा वर्षांची सवय होती. बेर्शेबाला परतल्यावर वर्षभरात डॉक्टर तिच्याच पट्टीवर विश्वास ठेवायला लागले.

पहिली सुट्टी लागताच तिनं दोन्ही मुलींना आणलं. ओस्नात तेरा वर्षांची होती. डाव्या कुशीवर निजून ती खुदुखुदु हसत होती; मलम गार लागत होतं. भिंत नऊ मिलिमीटर. मिरियामची सात. दोन्ही वयाला धरून. गेउलानं पट्ट्या घडी करून पर्समध्ये ठेवल्या आणि त्या दिवशी मुलींना आइसक्रीम खायला नेलं.

त्या शुक्रवारी ती येरुहामला गेली तेव्हा एलिझाबेथबाई दारातच बसल्या होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी मान वर केली. "पोरी बऱ्या आहेत?"

सहा वर्षांत पहिल्यांदा त्या तिच्याशी बोलल्या होत्या.

"बऱ्या आहेत, आई," गेउला म्हणाली.

एलिझाबेथबाई पुढच्या वर्षी वारल्या. मुली बऱ्या आहेत हे ऐकून गेल्या, आणि तेव्हा ते खरंही होतं.

अठ्ठ्याहत्तरला ओस्नातची भिंत दहा होती. एकोणऐंशीच्या डिसेंबरात तेरा. गेउलानं दांडी उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा मोजलं. तेरा. तेव्हा शेजारच्या खोलीत आणखी नवं यंत्र आलेलं होतं; त्याच्या पडद्यावर पंख्यासारख्या आकारात अख्खं हृदय हलताना दिसायचं. तिनं ओस्नातला तिकडं नेलं. भिंत जाड तर होतीच, शिवाय तिच्यात एक चकाकी होती. कुणीतरी मीठ शिंपडल्यासारखी.

"मा कारा, आत्या?" ओस्नातनं विचारलं. काय झालं? सोळा वर्षांची, लांब पायांची, शाळेच्या शर्यतींत पहिली येणारी मुलगी. मराठी तिला सगळी कळायची, पण ती बोलायची हिब्रूतच.

"काही नाही. डॉक्टरांना एकदा दाखवते."

"तू काही नाही म्हणतेस तेव्हा तुझं नाक लाल होतं."

डॉक्टर लाव्हींनी पंधरा मिनिटं पडदा पाहिला. नंतर खोलीत म्हणाले, "जाड आहे. चकाकते आहे. चरबी आहे असं हे यंत्र सांगू शकत नाही, गेउला. दुसऱ्याही गोष्टींनी भिंत अशी दिसते. पण तिच्या बापाचं हृदय आपण पाहिलं आहे."

"औषध?"

"याच्यासारख्या एका आजाराला औषध निघतंय, असं वाचलंय. थांबू. धावणं बंद कर तिचं."

धावणं बंद झालं. मग ऐंशी साली लष्कराचा कागद आला, तपासणीचा; तिथं मुलींनाही लष्करात जावंच लागतं. डॉक्टरांना खरं ते लिहून द्यावं लागलं, आणि ओस्नातला लष्करानं नाकारलं. तिच्या वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी खाकी कपडे घालून, पिशव्या खांद्याला लावून बसमध्ये चढल्या, त्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही. गेउला दाराशी गेली.

"मला काहीही होत नाही!" आतून ओस्नात ओरडली. "मी चढ चढते, मी पोहते, मला दम लागत नाही! तुझ्या कागदावर तीन मिलिमीटर जास्त निघाले म्हणून माझं आयुष्य संपवलंस तू!"

रिना स्वयंपाकघरात उभी होती. तिनं नळ आणखी मोठा सोडला.

एक्क्याऐंशीत ओस्नात देशाच्या दक्षिण टोकाला, एलात बंदराला, निघून गेली. हॉटेलात काम मिळालं. पत्रं येत, आईला; आत्याला नाही. वर्षभर तपासणीला ती आली नाही. शेवटी एका गुरुवारी गेउलानं रजा टाकली आणि दक्षिणेची बस धरली. चार तास ती खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होती.

हॉटेलच्या मागच्या बाजूला, चादरींच्या खोलीत ओस्नात भेटली. उन्हानं रापलेली, केस कापलेली, निळ्या गणवेशात. आत्याला बघून ती दचकली, मग हसली, मग पुन्हा गंभीर झाली.

"एवढ्या लांब बसनं आलीस, मला झोपवून मलम लावायला?"

"वर्षातून एकदा ये, एवढंच सांगायला आले," गेउला मराठीत म्हणाली. "एक तास. मग परत जा."

"इथं कुणालाही माहीत नाही, आत्या." ओस्नात चादरीची घडी घालत हिब्रूत बोलत राहिली. "उझीलासुद्धा नाही." उझी तिचा मित्र होता, बंदरावर क्रेन चालवणारा. "इथं मी आजारी मुलगी नाही. नुसती ओस्नात आहे. तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा तोंडाकडे बघतच नाहीस. कधीपासून. आधी पाय बघतेस, मग मी श्वास कसा घेते ते बघतेस. मी लहान होते तेव्हापासून."

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं गेउला विसरली. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. ओस्नातनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, आत डोकावली. रिनानं दिलेल्या नारळाच्या करंज्या होत्या. एक तिथंच तोंडात टाकून ती म्हणाली, "चल. माझी ड्युटी संपली."

दोघी समुद्रावर गेल्या. गेउलानं चपला काढल्या, साडी वर खोचून घोटाभर पाण्यात उभी राहिली. इस्राएलला येऊन वीस वर्षं झाली तरी साडीच नेसणारी ती, आणि पर्यटक तिचे फोटो काढत होते. ओस्नातला त्याचं इतकं हसू आलं की ती वाळूतच बसली. त्या दुपारी गेउलानं ठरवून तिच्या तोंडाकडेच पाहिलं. एलिशाचंच नाक होतं. हसताना डावी भुवई वर जायची, तीही त्याचीच. इतक्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं तिला वाटलं.

"पुरीमच्या सणाला येईन," बसवर सोडताना ओस्नात म्हणाली. "आत्या, शपथ."

ती पुरीमला आली नाही. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात उझी तिला घेऊन आला. गाडीतून उतरून इस्पितळाच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. उझीला तोपर्यंत सगळं माहीत झालं होतं. तो बारा दिवस बाकड्यावरून हलला नाही.

मांडीच्या स्नायूचा तुकडा काढला, त्यातही तेच लाल थेंब निघाले. आता शंका उरली नाही. डॉक्टर लाव्हींनी परदेशात पत्र घालून ते औषध मागवलं. पांढरी भुकटी, पाण्यातून घ्यायची. अशा काही मुलांची हृदयं त्या भुकटीनं सुधारली होती. सहा आठवडे सगळे वाट बघत राहिले.

दर मंगळवारी पडद्यावर हृदय बघायचं होतं. डॉक्टर गेउलाला म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगतो." ते ओस्नातनंच ऐकून घेतलं नाही. "आत्यालाच करू दे," ती म्हणाली. "बाकीच्यांचे हात बर्फासारखे असतात."

तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली, "पडदा माझ्याकडे फिरव. कधी बघितलंच नाही मी."

गेउलानं पडदा फिरवला. करड्या अंधारात ते हलत होतं, संथ, जडपणे.

"हे माझं?"

"तुझं."

ओस्नात बघत राहिली. "मला वाटायचं, काहीतरी कुरूप असेल," ती म्हणाली. मग, जरा वेळानं, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, आत्याशी सबंध वाक्य मराठीत बोलली. "खरं सांग. औषधानं फरक पडतोय?"

गेउलाचं नाक लाल झालं असणार. पण ती म्हणाली, "नाही, बाळा. पडत नाही."

"बरं," ओस्नात म्हणाली आणि तिचा हात धरून पडून राहिली. मलम वाळेपर्यंत दोघी तशाच होत्या.

ज्या प्रकाराला औषध होतं, तो हा प्रकार नव्हता. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत ओस्नात गेली. वीस वर्षांची होती.

शोकाच्या चौथ्या दिवशी, माणसं पांगल्यावर, रिना गेउलाशेजारी येऊन बसली. ती शांत होती. आवाजही चढलेला नव्हता.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली, "पण मी बोलणार. तुला ते दिसलं नसतं ना, तर ती चार वर्षं धावली असती. लष्करात गेली असती. मी चार वर्षं सुखानं झोपले असते. मरायची तेव्हा मेलीच असती. दिसून काय झालं, गेउला? तुला दिसलं. पुढं काय?"

शोक संपल्यावर गेउला डॉक्टरांकडे गेली आणि मला परत एक्स-रेला पाठवा म्हणाली. त्यांनी पाठवलं. तीन महिने ती हाडांचे फोटो काढत राहिली. हाडं मोडतात आणि जुळतात. तेवढं बरं वाटत होतं. मग हृदयाचं यंत्र चालवणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली, बाहेर रांग वाढली, आणि एका सकाळी कुणी न सांगता गेउला आत जाऊन बसली.

शहाऐंशीत डॉक्टर लाव्ही एक मासिक घेऊन तिच्याकडे आले. ते आता निवृत्तीला टेकले होते. एका मोठ्या चुंबकाचे फोटो होते त्यात. "सुई नाही, किरण नाहीत," ते म्हणाले. "माणसाला आत झोपवतात, आणि शरीरातलं पाणी वेगळं, चरबी वेगळी दिसते. चरबी, गेउला. जिवंत माणसातली."

"हृदयातली?"

"पायातली दिसते, डोक्यातली दिसते. हृदय अजून नीट जमत नाही." त्यांनी चष्मा काढला. "ते एका जागी थांबत नाही ना."

गेउलानं मासिक हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. त्या संध्याकाळी ती येरुहामला गेली, वार शुक्रवार नसतानाही. रिनाला तिनं त्यातलं काही सांगितलं नाही. दोघींनी मिळून बिरडं सोललं.

मिरियाम मात्र बरी राहिली. दर वर्षी येऊन निमूट डाव्या कुशीवर निजायची. तिची भिंत कधी नऊच्या वर गेली नाही. ती शाळेत शिकवायला लागली, तिचं लग्न झालं, आणि अठ्ठ्याऐंशीत तिला मुलगी झाली. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मिरियाम म्हणाली, "आत्या, हिचं बघायचं."

"बघायचं नाही," रिना म्हणाली. "माझ्या जिवंतपणी नाही."

"इमा, मला कळायला हवं," मिरियाम आईला म्हणाली.

"कळून काय करशील?"

"कळेल, एवढंच," मिरियाम म्हणाली. "ओस्नातचं आपल्याला कळलं नसतं, तर त्या मंगळवारी ती आणि आत्या बोलल्याच नसत्या."

दोघी गेउलाकडे वळल्या. गेउला त्रेपन्न वर्षांची होती. ती म्हणाली, "बघू या. पण मी बघणार नाही."

त्या सोमवारी तिनं आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलीला सांगितलं. मिरियाम बाळाला घेऊन आत गेली, दार लागलं. गेउला रिनाबरोबर बाहेरच्या बाकड्यावर बसली. बारा वर्षं ती त्या दाराच्या आत होती. बाहेर किती वेळ लागतो याचा तिला अंदाज नव्हता. समोरच्या भिंतीचा रंग उडालेला होता. शेजारी एक बेदुइन म्हातारा माळ ओढत होता. आत बाळ रडायला लागलं, आणि रिनानं गेउलाचा पदर मुठीत धरला.

वीस मिनिटांनी दार उघडलं. यंत्रावरच्या मुलीनं गेउलाकडे बघून मान डोलावली. "नीट आहे. वयाला धरून आहे."

रिनानं पदर सोडला. "म्हणजे नाही ना तिच्यात?"

"आज दिसत नाही," गेउला म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाही."

रिना उठली, तिनं मिरियामच्या हातून बाळ घेतलं, त्याच्या छातीवरचं उरलेलं मलम आपल्या ओढणीनं पुसलं, आणि सगळ्या बसच्या थांब्याकडे निघाल्या.